बोरच्या जड पाण्यात कोणते मासे एकत्र नांदतील? (सांगली)

शेवंती

नमस्कार मंडळी. विश्रामबागेत राहते. लेकीच्या हट्टापायी दिवाळीत तीन फुटी टँक आणला (३ × १ × सव्वा फूट, म्हणजे शंभर लिटरच्या आसपास). दुकानदार म्हणाला, "वहिनी, बोरचं पाणी थेंबभर पण घालू नका, सगळे जातील. आरोचंच घाला." तेव्हापासून घरातल्या आरोचं पाणी बादल्यांत साठवून घालतेय. घरची माणसं पाणी पिणार की मासे, असा प्रश्न पडायची वेळ आलीय.

आत्ता आत आहेत: ४ मॉली, ६-७ गप्पी, ६ टायगर बार्ब, २ एंजल, २ छोटे शार्क, १ सकर (काचेला चिकटून शेवाळ खातो तो). निऑन होते, ते एकेक करून गेले. मॉलीचं काहीतरी बिनसलंय. एकाच जागी उभ्या राहून अंग डोलवतात, पुढे सरकतच नाहीत, पर मिटलेले. गप्पींच्या शेपट्या कुरतडल्यासारख्या दिसतात.

सोसायटीच्या टाकीत महापालिकेचं आणि बोरचं पाणी एकत्र येतं. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) कधी ४००, कधी ८००. आरोचं ३५. नळाच्या तोट्या पांढऱ्याफटक, साबणाला फेस येत नाही. तर जाणकारांनी सांगा, हे पाणी चालेल का, आणि चालणार असेल तर कोणते मासे ठेवू?

गप्पी_गप्पा

ताई, तुमच्या टँकमध्ये चाळ झालीय. टायगर बार्ब आणि गप्पी एका घरात? शेपट्या कोणी कुरतडल्या हे शोधायला पोलीस नको.

हरिपूरकर

शेवंतीताई, मॉली जे करतायत त्याला हौशी लोक शिमी म्हणतात. रोगाचं नाव नाही ते, लक्षण आहे, आणि मॉलीत त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे मऊ, क्षार नसलेलं पाणी. मॉली मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. क्षाराच्या पाण्यात वाढणारी, काही जाती तर खाडीच्या मचूळ पाण्यातसुद्धा राहतात. तिला ३५ टीडीएसच्या पाण्यात ठेवलं की अंगातले क्षार सतत बाहेर झिरपतात आणि ते भरून काढता काढता तिचा जीव जातो. गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल हेही त्याच गोतावळ्यातले, फक्त मॉलीइतके नाजूक नाहीत.

म्हणजे तुमच्या नळाला येणारं पाणी मॉलीला हवं तसंच आहे. आरोचा खर्च उगाच.

पण थांबा. उद्या उठून टँकमध्ये बोरच्या पाण्याच्या चार बादल्या ओतू नका. आधी थेंबाच्या टेस्ट किटने पीएच, केएच (बायकार्बोनेट), जीएच (जडपणा) आणि अमोनिया मोजा. टँकमधलं आणि नळाचं, दोन्ही. नळाचं पाणी भांड्यात काढून रात्रभर उघडं ठेवा आणि मग मोजा. बोरच्या ताज्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे पीएच खोटा कमी दाखवतो. हवा लागली की वर चढतो.

काळा_पाषाण

सरळ मलावी सिक्लिड ठेवा, आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले मासे. मिरजेत बोरच्या पाण्यावर चार फुटी टँक चालवतोय, झकास. आपल्या पाण्याला तेच मासे.

हरिपूरकर

पाषाणराव, तुमचा चार फुटी आहे, ताईंचा तीन फुटी. शिवाय म्बुना (मलावीतले दगडांत राहणारे सिक्लिड) एकमेकांना जागेवरून मारतात, लहान मुलीला त्यात काय मजा. आणि गंमत म्हणजे मलावी सरोवराचं पाणी आपण समजतो तितकं जड नाही. पीएच ७.७ ते ८.६, पण जीएच साधारण ४ ते ६ डिग्रीच. जड म्हणायचं तर शेजारचं टांगानिका सरोवर. तिथे पीएच ९ पर्यंत जातो.

काळा_पाषाण

मान्य, पण माझे २० जीएचमध्ये पिल्लं देतायत.

हरिपूरकर

देणारच. पीएच आणि केएच त्यांना हवा तसा मिळतोय. पण ब्लडवर्म (खाद्याच्या लाल अळ्या) घालत असाल तर बंद करा. म्बुना दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे, जास्त प्रथिनांनी पोट फुगून जातात.

रसायनी_सातारा

टीडीएस आणि जडपणा यात नेहमी घोळ होतो, म्हणून दोन शब्द. (कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, सवय आहे, सांभाळून घ्या.)

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं. मीठ, चुना, खतातला नायट्रेट, सगळंच. जीएच म्हणजे फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. केएच म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट, आम्ल आलं की ते जिरवणारा भाग. टीडीएस ८०० आलं म्हणून जीएच किती हे कळत नाही. जीएच-केएचची एक डिग्री म्हणजे सुमारे १७.९ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम). पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण जडपणा २०० पीपीएमपर्यंत योग्य आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आपल्याकडच्या बऱ्याच बोर या दोन आकड्यांच्या मध्ये सापडतील.

दुसरं, सॉफ्टनर. बंगल्यांच्या बोरवर मिठाच्या गोण्या लागणारं जे यंत्र बसवतात, ते कॅल्शियम काढून सोडियम घालतं. साबणाला फेस येतो, टीडीएस तेवढंच राहतं, केएचही तसाच. ते पाणी माशांना देऊ नका. मऊ पाण्याच्या माशांना त्याचा उपयोग नाही आणि जड पाण्याच्या माशांचं कॅल्शियम त्यातून गेलेलं असतं.

वाचनमात्र_७

आम्हाला दुकानात सांगितलं होतं की मॉलीसाठी खडेमीठ घाला. मग मिठाने पाणी जड होतं ना?

रसायनी_सातारा

नाही. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्यात ना कॅल्शियम, ना बायकार्बोनेट. टीडीएस वाढेल, जडपणा तसाच. मऊ पाण्यातल्या मॉलीला मिठाने थोडा आधार मिळतो हे खरं, पण बोरच्या पाण्यात ते घालायची गरज नाही, आणि टँकमध्ये वनस्पती असतील तर त्या कोमेजतील.

माणदेशी_गडी

आमच्यात आटपाडीला टीडीएस १५०० च्या वर. माणसं प्यायला जार आणत्यात, पण म्हशीच्या हौदात गप्पी सोडलेत ते बेफाम वाढलेत. ना फिल्टर, ना मोटर. आणि शहरातली लोकं एवढं मशीन लावून मासं मारत्यात, याचं मला लई नवल वाटतं बघा.

गप्पी_गप्पा

दादा, हौदात म्हशी रोज पाणी पितात आणि तुम्ही रोज ताजं भरता. म्हणजे रोजचा वॉटर चेंज झाला की!

माणदेशी_गडी

व्हय की, ही गोष्ट ध्यानात आली नव्हती.

शेवंती

किट मागवलं, आलं, मोजलं. खाली देते.

टँकचं पाणी: पीएच ६.२, केएच १ थेंब, जीएच ३, अमोनिया २ पीपीएम (हिरवागार रंग आला, घाबरले).
नळाचं, रात्रभर ठेवलेलं: पीएच ८.२, केएच १४, जीएच २२, अमोनिया शून्य.

दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "बघा, पीएच केवढा आहे बोरचा! घातलं असतं तर मेलेच असते." आणि पीएच डाउनची बाटली घ्यायला सांगतोय.

हरिपूरकर

बाटली घेऊ नका. आणि दुकानदार खोटं बोलत नाहीये बरं का. त्याने बोरचं पाणी घातल्यावर मासे मेलेले खरंच पाहिले असतील. त्याचं कारण तुमच्या या आकड्यांतच लपलंय.

आरोच्या पाण्यात केएच नाही. माशांच्या घाणीतला अमोनिया खाणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजात वाढतात, त्यांना त्या कामासाठी बायकार्बोनेट लागतो. तो संपला की पीएच घसरतो, आणि पीएच साडेसहाच्या खाली गेला की जीवाणू जवळजवळ संप करतात. मग अमोनिया साचत जातो. पण पीएच ६.२ ला तो बहुतेक सगळा अमोनियम या सौम्य रूपात असतो. मासे लगेच मरत नाहीत, मलूल राहतात. तुमच्याकडे हेच चाललंय.

आता अशा टँकमध्ये कोणी बोरचं अर्ध पाणी एकदम ओतलं की पीएच आठच्या वर उडी मारतो, आणि तोच साचलेला अमोनियम विषारी अमोनिया होतो. मासे तासाभरात वर येऊन तोंड वासतात, कल्ले लाल होतात, दुसऱ्या दिवशी निम्मे तळाला. लोक म्हणतात बोरच्या पाण्याने मेले. विष टँकमध्ये आधीच साचलेलं होतं. बोरने फक्त त्याला जागं केलं.

रसायनी_सातारा

हरिपूरकर काकांच्या म्हणण्याला आकडे जोडते. २५ अंश तापमानाला एकूण अमोनियापैकी विषारी भाग पीएच ६.२ ला ०.१ टक्क्याहूनही कमी. पीएच ७ ला साधारण अर्धा टक्का, ८ ला पाच टक्क्यांच्या पुढे, ८.२ ला आठ टक्क्यांच्या आसपास, ८.५ ला १५ टक्के. ताईंच्या २ पीपीएमचं बोरच्या पीएचला ०.१६ पीपीएमच्या आसपास विष होईल. ०.०५ सुद्धा कल्ल्यांना बाधतो. तापमान वाढलं की हे प्रमाण अजून चढतं. एप्रिल-मेमधल्या सांगलीचा विचार करा.

काळा_पाषाण

आयला, हे असं कोणी सांगितलं नव्हतं. मी टँक पहिल्यापासून बोरवरच सुरू केला म्हणून वाचलो म्हणायचं.

शेवंती

काका, मग आता करू काय? अडकल्यासारखं झालंय. आरो चालू ठेवलं तरी मॉली जाणार, बोर घातलं तरी जाणार.

हरिपूरकर

अडकलेल्या नाही आहात, फक्त क्रम उलटा करायचा. आधी अमोनिया खाली आणा, मग पाणी जड करा.

दोन दिवस खाद्य बंद. मासे उपाशी मरत नाहीत, आणि घाण येणं लगेच कमी होतं. रोज पाव टँक पाणी बदला, पण नवीन पाण्यात तीन भाग आरो आणि एकच भाग नळाचं, असं मिश्रण. त्याने केएच थोडा थोडा वाढेल, पीएच एकदम उडी मारणार नाही, आणि अमोनिया मात्र बाहेर जात राहील. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच दोनदा पिळा. रोज संध्याकाळी अमोनिया मोजा. तो पाव पीपीएमच्या खाली आला की मिश्रणात नळाचं पाणी वाढवत न्या, निम्मं, मग तीन चतुर्थांश, मग पूर्ण. दोन-तीन आठवडे लागू द्या. घाई केली तर मघाचाच प्रकार.

पीएच डाउनमध्ये आम्ल असतं. जड पाण्यात घातलं की केएच ते जिरवतो आणि पीएच परत वर येतो. मग माणूस अजून घालतो. एक दिवस केएच संपतो आणि पीएच धाडकन खाली. स्थिर ८.२ मध्ये मासा निवांत राहतो. सकाळी ७, रात्री ८, असलं काही त्याला झेपत नाही.

आणि तुमच्या सोसायटीच्या पाण्याचं टीडीएस ४०० ते ८०० हेलकावे खातंय, त्याचा बंदोबस्त करा. एक झाकणाचा ५०-६० लिटरचा ड्रम ठेवा. पाणी बदलायच्या आदल्या दिवशी भरा, त्यात एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) सोडा. क्लोरीन उडेल, बोरचं ताजं पाणी असेल तर त्यात प्राणवायू मिसळेल, आणि टीडीएस मोजून टँकच्या जवळपास आणता येईल. फार वर गेलं तर थोडं आरो मिसळा. त्या आरोचा खरा उपयोग एवढाच.

वाचनमात्र_७

आमच्या सोसायटीत टाकी धुतली की टीसीएल (ब्लीचिंग) पावडर मुक्तहस्ताने टाकतात. ती पण उडते का रात्रीत?

हरिपूरकर

हवा लावलेल्या उघड्या पाण्यात एका दिवसात बहुतेक उडते. पण टाकी नुकतीच धुतली असेल तर हायपोचे थेंब घाला, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, दुकानात क्लोरीन रिमूव्हर म्हणून मिळतं. पाण्याला वास येत असेल तर त्या दिवशी पाणी बदलूच नका.

कासचा_वारा

साताऱ्याहून लिहितोय. आमच्याकडे नळाचं पाणी तसं मऊ, त्यामुळे मी उलट बाजूने आलोय. फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत घालून केएच ५-६ वर धरतो, गप्पी मजेत. ज्यांना दगड घालायचेत त्यांना एक सूचना. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, पाण्यात काही सोडत नाही, बिनधास्त घाला. पण घाटातून आणलेल्या दगडाच्या पोकळीत पांढरे चमकणारे खडे असतात, त्यातले काही कॅल्साइटचे. व्हिनेगरचा थेंब टाका, फसफसलं तर तो दगड मऊ पाण्याच्या टँकमध्ये नको. सांगलीकरांनी घातला तरी बिघडत नाही. संगमरवर, प्रवाळ, शिंपले यांचंही तेच.

गप्पी_गप्पा

अवांतर: 'काळा पाषाण पाण्यात काही सोडत नाही' हे आमच्या मिरजेच्या पाषाणरावांना लागू नाही, ते मलावी सोडतात.

काळा_पाषाण

😄

शेवंती

रोज करतेय काका सांगतात तसं. अमोनिया आज अर्ध्यावर आला. दोन मॉली अजून डोलतायत, पण बाकीच्या दोघींनी काल खाल्लं.

आता माशांचं बोला. कोणाला काढू, कोणाला ठेवू? लेक एंजलवर फिदा आहे.

हरिपूरकर

माझं मत, पटलं तर घ्या.

टायगर बार्ब गप्पीच्या टँकमध्ये नकोत. थव्याचा मासा आहे, सहा आहेत हे बरं, पण लांब परांचा मासा दिसला की त्यांना राहवत नाही. एंजलच्या लांब परांशीही तेच.

एंजल: आजकालचे एंजल टँकमध्ये पैदास झालेले, जड पाण्यात आरामात जगतात. अडचण पाण्याची नाही, तोंडाची आहे. मोठा झालेला एंजल गप्पी गिळतो. शिवाय तीन फुटी टँकची उंची सव्वा फूट, त्याला कमी पडते. लेकीला एंजल हवाच असेल तर एंजल आणि मॉली ठेवा, गप्पी काढा. दोन्ही नको.

शार्क म्हणून जे विकतात ते बहुधा पंगासियसची पिल्लं असतात. तळहाताएवढा मासा दोन वर्षांत हातभर होतो, आणि पुढे मीटरभराच्या वर. तो खायच्या माशांच्या शेतीतला मासा आहे, घरातल्या टँकचा नाही. सकर पण फूट-दीड फुटाचा होतो आणि मोठा झाला की शेवाळ कमी, घाण जास्त.

माणदेशी_गडी

मग सकर अन् शार्क नदीत सोडून द्यायचं.

हरिपूरकर

अजिबात नाही, दादा. कृष्णेत नाही, काळ्या खणीत नाही, शेततळ्यात नाही. हे सकर दक्षिण अमेरिकेतले. आपल्या देशात बऱ्याच नद्या-तलावांत लोकांनीच सोडून ते माजलेत. काठाच्या मातीत बिळं करतात, जाळी फाडतात, आणि त्यांना खाणारं कोणी नाही. दुकानात परत द्या किंवा मोठा टँक असलेल्या कोणाला द्या.

माणदेशी_गडी

बरं झालं सांगितलंसा.

रसायनी_सातारा

मग आत ठेवायचं काय, हे राहिलंच की.

हरिपूरकर

हो. शंभर लिटरला: मॉली आहेत तेवढ्याच, गप्पी आहेत तेवढेच, वाटलं तर चार-पाच प्लॅटी. तळाला ब्राँझ कोरी पाच-सहा, ते मूळचे मऊ पाण्याकडचे असले तरी पैदाशीतले जड पाण्यात रुळतात. त्यांच्यासाठी बारीक वाळू हवी, टोकदार खडी असली की मिशा झिजतात. मधल्या पाण्यात चमक हवी असेल तर ड्वार्फ निऑन रेनबो सहा. रेनबोफिशला आपलं पाणी फार मानवतं. बोसेमानी रेनबो तर पापुआच्या चुनखडीच्या सरोवरांतला, पण त्याला चार फुटी लागतो. शेवाळासाठी गोगलगायी. मऊ पाण्यात त्यांचं कवच विरघळून पांढरं पडतं, इथे ठणठणीत राहतं.

निऑन पुन्हा आणू नका असं मी म्हणणार नाही, पैदाशीतले मध्यम जड पाण्यात जगतात. पण २२ जीएचमध्ये त्यांच्यावर पैसे घालवण्यापेक्षा वरचे मासे बरे. रॅम आणि डिस्कस हे मऊ पाण्याचे मासे तर नकोच.

गप्पी-मॉलीचं एक बघा. नर एक, माद्या दोन-तीन असं ठेवा. नर जास्त झाले की मादीला दिवसभर पळवतात आणि ती थकून मरते. हा प्रकार लोकांना रोग वाटतो. किंवा सरळ फक्त नर ठेवा, पिल्लांचा सुळसुळाट टळतो.

कासचा_वारा

हरिपूरकर काकांशी एका बाबतीत असहमत. गप्पी आणि मॉली एकत्र ठेवले की मॉली खाद्यावर दादागिरी करते, गप्पी हडकतात. माझ्याकडे तर तसंच झालं होतं. मी वेगळे ठेवतो.

हरिपूरकर

होतं तसं, लहान टँकमध्ये जास्त. टँकच्या दोन टोकांना एकाच वेळी खाद्य टाकायचं, आणि मॉलीला पालकाचं उकडलेलं पान द्यायचं. ती शाकाहारी जास्त, पानाला चिकटून राहते. तरी गप्पी हडकले तर वाऱ्याचं ऐका.

वाचनमात्र_७

वनस्पती कुठल्या? माझ्या सगळ्या कुजल्या.

कासचा_वारा

व्हॅलिस्नेरिया. गवतासारखं लांब पातं. बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकते, त्यामुळे जड पाण्यात माजते. हॉर्नवर्टही तसंच. अनुबिया, जावा फर्न मातीत न पुरता दगडाला बांधा. पानांवर पांढरी खरखरीत पूड दिसली तर तो रोग नाही. झाड बायकार्बोनेट ओढतं तेव्हा चुना पानावर बसतो. काचेवरच्या पांढऱ्या रेघेला पाणी उतरवून लिंबू चोळा.

काळा_पाषाण

उन्हाळ्यात टँकचं पाणी वाफ होऊन उतरतं, तेवढं बोरचं भरतो मी. बरोबर ना?

रसायनी_सातारा

वाफेबरोबर क्षार जात नाहीत, ते टँकमध्येच राहतात. वर बोरचं भरलं की नवे क्षार पडतात. मेअखेरीस टीडीएस बघा, दीडपट झालेलं असेल. नुसती पातळी भरायची असेल तेव्हा आरो किंवा पावसाचं साठवलेलं पाणी. बदलायचं असेल तेव्हा नळाचं. उकळून गार केलेलं पण चालतं, उकळल्यावर केएचचा मोठा भाग चुना होऊन पातेल्याला चिकटतो.

हरिपूरकर

उन्हाळ्याचं अजून एक. पाणी ३२ च्या पुढे गेलं की झाकण काढा आणि टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर मारा, दोन-तीन अंश उतरतं. बर्फाचे खडे टाकू नका. लाईट जाते त्या वेळेसाठी बॅटरीवरचा एअर पंप घरात ठेवा. २०१९ च्या पुरात लाईट नव्हती तेव्हा ज्यांच्याकडे तो होता त्यांचेच टँक वाचले.

गरम, जड पाण्यात अजून एक रोग जोर धरतो, कॉलमनॅरिस. मॉलीच्या ओठांवर, पाठीवर कापसासारखं पांढरं दिसतं, लोक बुरशी समजतात. जीवाणू आहे तो, बुरशीच्या औषधाने जात नाही. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात पाणी तापवतात तसं इथे करायचं नाही, तापमान उलट उतरवायचं. आजारी मासा वेगळ्या टबमध्ये काढून मग औषध, मुख्य टँकमध्ये औषध ओतलं तर फिल्टरचे जीवाणूही जातील.

शेवंती

अपडेट: अमोनिया शून्य, केएच ७, पीएच ७.६. तीन मॉली आता व्यवस्थित पोहतायत. चौथी गेली. बार्ब आणि शार्क कोणाला हवेत का? सकर दुकानात परत घेतो म्हणालाय. एंजल लेक सोडत नाहीये, त्यामुळे गप्पी शेजारच्या मुलाला दिले.

माणदेशी_गडी

ताई, बार्ब मला द्या. माझा दुसरा हौद मोकळा हाय, त्यात गप्पी न्हाईत. पुढच्या आठवड्यात सांगलीला येतोय, व्यनि करतो.

शेवंती

नक्की या दादा.

हरिपूरकर

गडी, तुमचं पाणी १५०० टीडीएस आणि ताईंचं आत्ता पाच-सहाशे. घरी पोचलात की पिशवीतलं पाणी आणि मासे बादलीत काढा. एअर पंपाच्या नळीला सैल गाठ मारून हौदाचं पाणी थेंबथेंब सोडा, दोन-अडीच तास. मग जाळीने मासे उचलून हौदात सोडा, बादलीतलं पाणी बाहेर टाका. आणि जमलं तर बोरच्या पाण्याचा नायट्रेट एकदा तपासून घ्या, खताच्या शेतातली बोर असेल तर तो जास्त निघतो. ४५ पीपीएमच्या वर असेल तर तुमच्या घरातल्या लहान मुलांना ते पाणी देऊ नका. माशांचं नंतर बघू.

माणदेशी_गडी

मुलांना जारचंच देतो काका. तरी बाटली भरून तपासायला देतो, अन् आकडा इथंच टाकतो.